दोसोदोशितोशितो, ऊर्फ अकरा आठवड्यांची माती

मंडळी, या आठवड्यात ब्रेक. 'वन पीस' या जपानी कॉमिकचा, म्हणजे मांगाचा, लेखक-चित्रकार ओडा साधारण तीन चॅप्टर दिले की एक आठवडा सुट्टी घेतो हे आता आपल्याला पाठ झालंय, त्यामुळे रविवारी रात्री साडेआठला (जपानात सोमवारचे बारा वाजतात तेव्हा) फोन धरून बसायचं काम नव्हतं. ब्रेकच्या आठवड्यात मी काय करते ते जुन्या लोकांना माहितीये: वन पीसचा १०३ वा खंड, जपानी, नागोयाच्या मावसभावाने पाठवलेला, आणि माझी साउंड इफेक्टची (चित्रातच काढलेल्या आवाजांच्या शब्दांची) एक्सेल शीट. तर ती शीट मेली. म्हणजे फाइल उडाली असती तर परवडलं असतं, फाइल शाबूत आहे, आतला माल नासलाय.

झालं असं की शनिवारी दादाचा (तोच नागोयाचा मावसभाऊ) व्हिडिओ कॉल आला, त्याचा पोरगा तिकडे पहिलीत आहे, आणि मला कुठून हौस आली कोण जाणे, मी १०४४ व्या चॅप्टरमधलं ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हटलं बघ, आत्याला पण वाचता येतं आता. आणि खणखणीत आवाजात वाचलं: दोसोदोशितोशितो. पोरगं गप्प. मग म्हणालं, "आत्या, परत वाच ना." परत वाचलं. मग जे खिदळत सुटलंय ते, खुर्चीतून पडायचं बाकी होतं, आणि शेवटी दोन्ही हातांनी टेबल बडवत त्याने वाचून दाखवलं, "डोन् डोत्तोत्तो! डोन् डोत्तोत्तो!"

मुक्तीचे ढोल हो! नायक लुफीच्या काळजाचे ठोके, जे ऐकून झुनेशा हा अवाढव्य हत्ती १०४३ व्या चॅप्टरमध्ये बोलतो, ज्यावर मार्च २०२२ मध्ये आपण सगळे रात्रभर जागलो होतो. तो ठेका मी अकरा आठवडे मंत्र म्हणून वाचत होते. त्याहून वाईट म्हणजे दोन अपडेटमागे मी त्यावर थिअरी मांडली होती, की जपानीत ते जुन्या भाषेतलं गाणं आहे आणि इंग्रजीवाल्यांनी शब्द गाळून नुसता ढोल ठेवलाय. तिघांनी बदाम पण टाकले होते त्यावर. बदाम परत घ्या. इंग्रजीवाल्यांनो, चुकले.

आता घोळ कुठे झाला ते नीट लिहिते, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी काताकाना (हे इफेक्ट ज्या जपानी लिपीत असतात ती) माझ्यासारखाच फ्लॅशकार्डवर शिकलाय आणि तुमचीही वही तपासायची वेळ आलीये. चार अक्षरं आहेत: शि, त्सु, न, सो. शि म्हणजे दोन छोटे फटकारे नि एक लांब. त्सु म्हणजेही दोन छोटे नि एक लांब. न म्हणजे एक छोटा एक लांब, आणि सो पण एक छोटा एक लांब. फरक इतकाच की शि आणि न मध्ये छोटे फटकारे डाव्या बाजूला असतात (शि मध्ये एकाखाली एक) आणि लांब फटकारा खालून वर जातो, तर त्सु आणि सो मध्ये छोटे फटकारे वरच्या कडेला (त्सु मध्ये शेजारी शेजारी) आणि लांबवाला वरून खाली उतरतो. छापील टाइपात हे दिसतं. पण साउंड इफेक्ट टाइपात नसतात ना, हाताने काढलेले असतात, तिरके, वाकडे, स्फोटाबरोबर उडणारे, पात्राच्या कोपरामागे अर्धे लपलेले, आणि अक्षरच तीस अंशात कललं की शेजारी शेजारी काय आणि एकाखाली एक काय, सगळं सारखंच. आपल्याकडे घाईत लिहिलं की भ चा म होतो आणि ध चा घ होतो तसंच, फक्त आपल्याला मागचापुढचा शब्द माहीत असतो म्हणून वाचून जातो. मला मागचापुढचा शब्द कुठून माहीत असणार.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? ते मोठ्ठं "डोन!!", कोणी दारात येऊन उभं राहिलं की मागे येतं ते, मला पहिल्या आठवड्यापासून ओळखता येतं. त्यात हाच न आहे! पण ते मी वाचतच नव्हते, चित्र म्हणून बघत होते, दुकानाची पाटी बघतो तसं. आणि ढोलाच्या ठेक्यात पहिली दोन अक्षरं डिट्टो तीच, फक्त बारीक काढलेली, आणि अकरा आठवड्यांत एकदाही डोक्यात आलं नाही की हे तेच आहे. (जाता जाता: ते "डोन" लिहायचं की "दोन" यावर मागे भांडण झालं होतं. खरा उच्चार बहुतेक मधलाच कुठलातरी आहे, पण "दोन" लिहिलं तर लुफी दर वेळी आकडे मोजत एंट्री घेतोय असं वाटतं, म्हणून माझ्याकडे ड.)

मग शनिवार रात्र ते रविवार दुपार शीट तपासत बसले. ३१२ नोंदी. त्यातल्या ९४ मध्ये या चारपैकी एक तरी अक्षर आहे, आणि त्यातल्या साठेक चूक. सगळ्यात भारी चूक ऐका. एखादा जबरी डायलॉग झाला की पुढच्या रिकाम्या चौकटीत उभी दोन अक्षरं आणि मध्ये एक उभी रेघ असते. ही रेघ म्हणजे स्वर लांबवायची खूण, आडव्या लिखाणात आडवी, उभ्यात उभी, हे कळायलाच मला तीन आठवडे लागले होते, आधी वाटायचं खांब काढलाय. तर हे मी वाचलं "त्सून". शब्दकोशात बघितलं तर त्सून खरंच निघालं! अर्थ: नाकात झणका जाणे, वासाबी खाल्ल्यावर जातो तसा, शिवाय फुरंगटून बसणे. आणि मी शहाणीने लिहून ठेवलं, "ओडा गंभीर क्षणांना झोंबण्याची उपमा देतो, फार सूक्ष्म." सूक्ष्म कसलं डोंबलाचं! ते "शीन" आहे. शीन म्हणजे काहीच आवाज नाही. शांततेचा आवाज. जुने मांगाकार तेझुका, त्यांचा तर दावा होता की मांगामध्ये शांततेला हा आवाज त्यांनीच दिला. आणि आपल्याला यात नवल वाटायचं कारणच नाही, आपल्याकडे शुकशुकाट आहेच की, शांतताच, पण शब्दात दोनदा शुक होतं. इंग्रजीत मात्र तिथे काय लिहायचं हा प्रश्नच पडत असणार.

उपाय सापडला तोही पोरानेच दिला. त्याला शाळेत हिरागाना (दुसरी जपानी लिपी) आधी शिकवलंय, तर तो म्हणे हिरागानातला शि डोळ्यासमोर आण, वरून खाली येतो आणि मग उजवीकडे वर वळतो, काताकानाचा शि पण त्याच वाटेने जातो, आधी फटकारे वरून खाली, मग लांबवाला वर. हिरागानाचा त्सु डावीकडून उजवीकडे जाऊन खाली वळतो, काताकानाचा पण तसाच. न आणि सो चंही तेच. दहा सेकंदांत सांगून मोकळा. माझ्या फ्लॅशकार्डच्या ॲपने (नाव घेत नाही, वर्षाचे पैसे भरून बसलेय) चार महिन्यांत हे सांगितलं नाही, ते आपलं एकच सरळ उभं टाइपातलं अक्षर दाखवून कॉन्फेटी उडवत बसतं.

आणि त्यावर माझी भर: शेपूट बघा. हाताने काढलेल्या अक्षरात लांब फटकारा सुरू होतो तिथे जाड असतो आणि सुटतो तिथे टोकदार. टोक वर उजवीकडे असेल तर शि किंवा न, खाली डावीकडे असेल तर त्सु किंवा सो. पान कितीही तिरकं असू दे. रविवारी संध्याकाळी या नियमाने शंभर पानं चाळली, फक्त सात ठिकाणी अडले. सात! मी उठून चहा केला स्वतःसाठी, आलं घालून.

दुसरी छोटी जिंकलेली लढाई म्हणजे बारका त्सु. तो स्वतः उच्चारायचाच नसतो, पुढचं अक्षर दुप्पट करतो, म्हणजे चक्क आपलं जोडाक्षर, डोत्तोत्तो मधला त्त तोच. पण इफेक्टच्या शेवटी आला तर दुप्पट करायला पुढे काहीच नसतं, तिथे आवाज कचकन तोडायचा. आणि हे लिहितानाच लक्षात आलं, मी आत्ता "कचकन" लिहिलं! तेच आहे ते! शेवटचा बारका त्सु म्हणजे आपला "कन" नाहीतर "दिशी". बा आणि पुढे बारका त्सु म्हणजे झटकन. दो आणि पुढे बारका त्सु म्हणजे धाडदिशी. मी मराठी रकान्यात नुसतं "धाड", "झट" लिहून पुढे उद्गारचिन्हं देत होते, काय गरज होती. थांबा, शीटमध्ये टाकून येते.

आले. ४१ ठिकाणी बसलं.

आता इथून बेत बदलतोय. ठरलं होतं की १०३ संपवून १०४ घ्यायचा आणि सोबत कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, सुरू करायची (तशी घाई नाही, जंप साप्ताहिकाच्या मांगात कांजीच्या शेजारी बारीक हिरागानात उच्चार असतो, भिंग लागतं एवढंच). पण हे कन आणि दिशी डोक्यात फिरायला लागल्यावर डेव्हिल फ्रूट आठवली, वन पीसमधली खाणाऱ्याला शक्ती देणारी फळं, नावं अशाच शब्दांची. एनेलचं गोरोगोरो. गोरोगोरो म्हणजे ढग गडगडतात तो आवाज, आणि एखादी वस्तू गडगडत खाली जाते तेही गोरोगोरोच. मराठीत दोन्हीला गडगड! म्हणजे हे गडगड फळ, काही जुळवाजुळव न करता. एसचं मेरामेरा म्हणजे धगधग. किझारुचं पिकापिका म्हणजे लखलख, आणि घासलेल्या भांड्यालाही पिकापिकाच म्हणतात, आपलं चकचकीत. स्मोकरचं मोकुमोकु, धूर भकाभका निघतो ते. नववी-दहावीच्या व्याकरणात अभ्यस्त शब्द होते, त्यात अनुकरणवाचक असा एक प्रकार, दोन मार्कांसाठी घोकलेला, तो हा असा उपयोगी पडेल असं बाईंना सांगितलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

अडलंय व्हाइटबिअर्डपाशी. गुरागुरा म्हणजे मुळापासून हलणं, भूकंपालाही चालतं आणि पडायला आलेल्या दातालाही. दातावरून गेलं तर चोख शब्द डुगडुग. पण व्हाइटबिअर्ड! डुगडुग फळ! मरीनफोर्डच्या लढाईत हवेला तडे पाडणारा माणूस आणि फळ डुगडुग? डळमळ बरं वाटतं, पण ते सरकारसाठी राखीव झालंय. गदगद म्हटलं तर भरून आल्यासारखं होतं. बगीचं बाराबारा मी सध्या खिळखिळ ठेवलंय, कोणाला आणखी चांगलं सुचलं तर सांगा.

नावांचा विषय निघालाच तर र आणि ल ची जुनी जखम. जपानीत एकच अक्षर, आणि मराठीत लिहायला बसलं की निवडावंच लागतं, आपल्याकडे तर वर ळ पण आहे. ज्या बेटाला आपण सगळे वर्षानुवर्षं राफ्टेल म्हणत आलो ते ९६७ व्या चॅप्टरमध्ये इंग्रजी अक्षरांत लाफ टेल निघालं, आणि माझ्या २०१८ च्या वहीत शंभर ठिकाणी र आहे. तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं निदान त्यात माझी चूक नव्हती.

तर एक्सेल बंद. टाइप केलं की चूक कायमची होते, कारण मूळ आकार जातो आणि मी काय वाचलं तेवढंच उरतं. आज अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपरचं पॅड आणि ब्रश पेन आणलं. ब्रश पेन फार चांगलं नाही, टोक दोन दिवसांत फाटेल असं दिसतंय, दुकानदार म्हणाला महागवालं घ्या, घ्यायला हवं होतं. पद्धत अशी की इफेक्ट गिरवायचा, शेपटाच्या टोकाला लाल ठिपका, शेजारी उच्चार, खाली मराठी. आज बारा झाले. बाराव्याला कागद सरकला आणि खंडाच्या पानाला शाई लागली, बरोब्बर यामातोच्या शिंगावर. दादाला सांगू नका.

साप्ताहिक नोंदी पुढच्या रविवारपासून नेहमीसारख्या: सतरा पानं, आधी एकदा धावत, मग एकदा हळू, मग एक पान वहीत. सात अडलेल्यांपैकी एकाचा फोटो खाली टाकतेय. शेपूट चौकटीच्या रेघेखाली गेलंय, त्यामुळे शि की त्सु ते कळायला मार्ग नाही, आणि पोरगं आता झोपलंय, तिकडे मध्यरात्र उलटून गेली.