मास्तर, गाडी रिव्हर्स घ्या

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं. शाळेविषयी चार ओळी लिहून पाठवा, असं त्यात होतं. लिहायला बसलो आणि दुसरीच्या आपल्या बाईच समोर उभ्या राहिल्या. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

बाईंची एसटी आठवते ना? व्हरांड्यात विहिरीचा जुना दोर लांबट आकारात टाकायचा, की झाली गाडी. फरशीवर खडूने थांबे लिहिलेले : पुणे, शिक्रापूर, शिरूर, सुपे, नगर. पहिली एसटी 1 जून 1948 ला धावली ती याच पुणे-नगर रस्त्याने, हे बाई दर खेपेला अभिमानाने सांगायच्या. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची तिकिटं. एक टाळी वाजली की गाडी थांबायची, दोन वाजल्या की सुटायची. शाब्दिक उदाहरणं आपण अशी चढत-उतरत शिकलो.

एकदा मी कंडक्टर होतो. पुण्याला गाडी भरताना बाईंनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शिरूर गेल्यावर वळायला सांगितलं आणि विचारलं, "मास्तर, शिरूरला 4 उतरले, गाडीत 9 राहिले. पुण्याहून किती निघाले होते?" 'उतरले' एवढंच माझ्या कानात शिरलं. मी ठोकून दिलं, "5!" पोरं हसली. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

बाई 'चूक' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, गाडी रिव्हर्स घ्या." दोर धरून सगळे उलट्या पावलांनी शिरूरच्या खडूपाशी आले. खाली उतरलेले चौघंही पाठमोरे चालत आले आणि दोर उचलून एकेक करून आत शिरले. दहा, अकरा, बारा, तेरा. मी बोटाने मोजत होतो. गोष्टीत माणसं उतरली तरी उत्तराला बेरीज लागते, हे मला तेव्हा दिसलं. समजलं म्हणत नाही, दिसलं.

'किती जास्त' हेही तसंच. 8 मुली, 5 मुलगे. 'जास्त' ऐकून आपण सगळे 13 ओरडलो. बाईंनी मुलामुलींना जोडीने हात धरायला लावले. जोडीदार न मिळालेल्या 3 मुली हात हलवत उभ्या राहिल्या. "ह्या बघा तुमच्या 'जास्त'," बाई म्हणाल्या.

मी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. वीस वर्षं होऊन गेली. 2021 साली केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणित यायलाच हवं, असं ठरलं. चांगलंच झालं. पण अजूनही पोरांच्या वह्यांत 'एकूण', 'मिळून' या शब्दांखाली लाल रेघ आणि पुढे 'म्हणजे बेरीज', 'उरले'खाली रेघ आणि 'म्हणजे वजाबाकी' असं लिहिलेलं दिसतं, तेव्हा जीव तुटतो. पोरं गोष्ट वाचतच नाहीत, शब्द शोधतात. अशा वेळी मी वही मिटायला सांगतो आणि दोर काढतो. गेल्या वर्षी माझ्या दुसरीतल्या एका मुलीने स्वतः उदाहरण रचलं : "गाडीत काहीजण होते, सुप्याला 6 चढले, आता 15 आहेत." आधी किती होते, हे तिने वर्गाला विचारलं. त्या दिवशी मला बाईंना फोन करावासा वाटला. नंबर नव्हता.

परवा शाळेवरून गेलो. नवी इमारत देखणी आहे, पण व्हरांडा राहिला नाही. वर्गात बाकं जमिनीला ठोकून बसवली आहेत. दोर टाकायला जागा कुठे उरली? कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर टाकू. दोर मी घेऊन येतो. शिरूरला उतरलेल्या चौघांनी मात्र नक्की यावं. बाईंसमोर तुम्हाला पुन्हा गाडीत घ्यायचं आहे.