शकुंतला, शकू, शके

परवा दुपारी आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. तिथला हॉल कसा असतो ते सांगायला नको, भिंतीला टेकून सगळ्या आज्या ओळीनं, डोळ्यात ड्रॉप घातलेले, डोळे गच्च मिटलेले, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. आतून पोरगी आली, फाईल बघितली आणि म्हणाली, "शकुंतला आजी, चला." तर मिटल्या डोळ्यांनीच तीन हात वर झाले. एकजण तर उठून काठी चाचपडायला लागली. पोरगी बिचारी गडबडली, मग तिनं आडनाव घेतलं, दोन हात निमूट खाली गेले.

"काय झालं गं?" आईनं डोळे न उघडता विचारलं. म्हटलं, शकुंतला जास्त झाल्यात. "होणारच," आई म्हणाली, "आमच्या वर्गात बाकागणिक एक होती. एक शकू, एक शकी, एक लंबी शकू."

आणि आता बघा, माझ्या ओळखीत चाळिशीच्या आतली एकही शकुंतला नाही. नात्यातल्या बारशांना जातो तेव्हा मायरा, कियारा, ईरा, स्वरा, अन्वी असं काहीबाही कानात सांगितलं जातं, जुनी नावं परत येतायत म्हणतात तर ती पण कोणती, रमा, तारा, दुर्गा, मुक्ता, म्हणजे दोन अक्षरात उरकणारी. शकुंतलेला कोणी हात लावत नाही. फॅमिली ग्रुपवर कोणीतरी गमतीत सुचवलं तर खाली हसून रडणाऱ्या तोंडांची रांग लागते. माझी नावं पारखायची एक खोड आहे, संध्याकाळी गॅलरीत उभं राहून खाली खेळणाऱ्या पोरीला हाक मारायची असेल तर हे नाव कसं वाटेल, हे मी मनात म्हणून बघते. मायरा हवेत विरून जातं हो. शकुंतलाऽऽऽ बघा कसं जातं, पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. पण हाक मारायचीच कोणाला, पोरी खाली खेळायला येतात कुठं.

नाव मुळात पक्ष्यांवरून आलं हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. मेनका बाळाला मालिनी नदीच्या काठी टाकून स्वर्गात परत गेली, विश्वामित्र आपल्या तपाला लागले, आणि रानातल्या पाखरांनी, म्हणजे शकुंतांनी, त्या पोरीला राखलं, म्हणून कण्वांनी नाव ठेवलं शकुंतला. महाभारतात कण्व स्वतःच तसं सांगतात. आईबाप दोघांनीही सोडलेल्या पोरीचं नाव आपण इतक्या हौसेनं घरोघरी ठेवलं, हे मला कधीकधी विचित्र वाटतं, पण नाव ठेवताना गोष्ट कोण बघतं, कानाला गोड लागलं की झालं. कमला, विमला, सरला, निर्मला, प्रमिला, सुशीला, त्या काळाला शेवटी 'ला' लागल्याशिवाय मुलगी पूर्ण झाल्यासारखी वाटतच नसावी.

पण या नावाची चलती आपल्याकडे नाटकानं वाढवली असं माझं ठाम मत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात संगीत शाकुंतल रंगमंचावर आणलं, आधी पहिले चारच अंक, पण लोक वेडे झाले. आणि गंमत ही की मराठी लोकांनी जिच्यावर जीव टाकला ती शकुंतला पुरुष होती. आधी शंकरराव मुजुमदार, मग भाऊराव कोल्हटकर, पुढं 1905 मध्ये मिरजेला बालगंधर्व पहिल्यांदा उभे राहिले ते पण शकुंतला म्हणूनच. म्हणजे शालू नेसलेल्या पुरुषांना बघून यायचं आणि घरी येऊन मुलीचं नाव ठेवायचं. मग रविवर्म्याची चित्रं आली. 1894 ला त्यानं मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून शकुंतला थेट भिंतीवर. पायातला काटा काढायच्या निमित्तानं मागं वळून बघणारी ती तर तुम्ही बघितलेली असणारच. आमच्या आजोळी माजघरात तिचीच तसबीर होती आणि आजी कणीक मळता मळता म्हणायची, "काटाबिटा काही नाही गं, सोंग आहे मेलीचं." दुसरं एक चित्र होतं, मेनका बाळ पुढं करतेय आणि विश्वामित्र तोंड फिरवून हात आडवा करतायत. ते मात्र आमच्या भिंतीवर नव्हतं. ते कोण लावणार.

त्यात 1943 ला शांतारामबापूंचा सिनेमा आला, राजकमलचा पहिलाच, जयश्रीबाई शकुंतला, मुंबईत दोन वर्षं चालला. दवाखान्यातल्या त्या तीन हातांपैकी एखादा तरी त्या सिनेमाचा असणार, वयं त्याच हिशोबाची होती.

आता मोठमोठ्या शकुंतला पण झाल्या, नाही असं नाही. गणितवाल्या शकुंतला देवी, लंडनमध्ये 1980 साली तेरा आकडी संख्येला तेरा आकडी संख्येनं अठ्ठावीस सेकंदात गुणणाऱ्या. आणि पुण्याच्या शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची मुलगी, ज्या काळात नवराबायको चारचौघात शेजारी बसत नसत त्या काळात संततिनियमनावर बोलत होत्या. त्यांनी मुलीचं नाव काय ठेवलं तर सई. चार अक्षरांचं दोनावर आणलं. मला हे फार आवडतं, कुटुंबनियोजनवाल्या बाईंनी नावातही काटकसर केली.

पण शकुंतला म्हटलं की आम्हा वऱ्हाडातल्या लोकांच्या डोळ्यापुढं बाई येतच नाही, गाडी येते. मूर्तिजापूर ते यवतमाळ, 113 किलोमीटर, आणि दुसरा फाटा मूर्तिजापूर ते अचलपूर, अडीच फुटी नॅरोगेज. साहेबाच्या कंपनीनं, किलिक निक्सननं, कापूस न्यायला टाकलेली लाइन, यवतमाळचा कापूस मुंबईला आणि तिथून बोटीनं मँचेस्टरला. स्वातंत्र्य मिळालं, सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही कंपनीचीच राहिली आणि सरकार करारानं चालवत राहिलं. 1921 सालचं मँचेस्टरचंच इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. माझं आजोळ दारव्ह्याचं, त्याच लाइनीवर, त्यामुळे लहानपणी आमच्यासाठी महाभारतातली वगैरे शकुंतला नंतरची, आधी ही. स्टेशनवर बायका एकमेकींना विचारायच्या, "आली काय वं शकुंतला?" आणि उत्तर यायचं, "कायची येते, कारंज्यालेच हाय अजून." फाटक आलं की गाडी थांबायची, माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं जायची, परत थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. घाई कोणालाच नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यात जायचे आणि आई पदराची सुरळी करून त्यावर तोंडाची वाफ घेऊन डोळा शेकायची.

तर आता मामीची गोष्ट सांगते, खरंतर तीच सांगायची होती. माझ्या मामीचं माहेर मूर्तिजापूरचं आणि माहेरचं नाव शकुंतला. मामाचं लग्न साठ-एकसष्टच्या सुमाराचं. लग्नात अडचण अशी निघाली की घरात एक शकुंतला आधीच होती, माझी मोठी मावशी. एका घरात दोन शकुंतला कशा चालतील, हाक मारली की दोघी येतील, शिवाय नणंद-भावजयीचं एक नाव बरं दिसत नाही, असं आजीचं म्हणणं. तशीही त्या काळी सुनेचं नाव बदलायचीच रीत, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. ताटात तांदूळ पसरले, मामाच्या हातात सोन्याची अंगठी दिली, त्यानं अंगठीनं तांदळात 'विजया' लिहिलं, साखर वाटली, झालं. आणि पुढच्याच वर्षी मावशीचं लग्न ठरलं, तर तिच्या सासरच्यांनी तिचं केलं सुधा. म्हणजे जिच्यासाठी मामीनं नाव सोडलं तिचंही गेलं आणि घरात एकही शकुंतला उरली नाही. गावात तिसरी तेवढी टिकली, गाडी. तिचं लग्न व्हायचं नव्हतं ना.

पुष्कळ वर्षांनी कॉलेजात कालिदासाचं शाकुंतल अभ्यासाला आलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा ते तांदळाचं ताट आलं. तिथंही अंगठीच की. अंगठी बोटात असेल तर ती राणी, शचीतीर्थावर पाण्यात पडली तर ही कोण बाई, कुठून आली, राजाला आठवत नाही. सरांना मी वर्गात हे बोलून दाखवलं तर सर म्हणाले छान, पण परीक्षेत लिहू नका. त्या नाटकात मला खरा आवडतो तो सहाव्या अंकाच्या सुरुवातीचा प्रसंग, कोळ्याला रोहू माशाच्या पोटात अंगठी सापडते, शिपाई त्याला चोर म्हणून बदडत आणतात, तेवढ्यात राजा खूष होऊन बक्षीस धाडतो, आणि मग तोच कोळी आणि तेच पोलीस दोस्त होऊन दारूच्या दुकानाकडं निघतात. दीड हजार वर्षांत आपण अगदीच काही बदललो नाही म्हणायचं.

मी काय सांगत होते, मामी. विजया हे नाव तिनं पूर्ण घेतलं होतं, रेशनकार्डावर विजया, हळदीकुंकवाच्या बोलावण्यात विजयाताई, कोणी मागून विजया म्हटलं तर लगेच वळायची. फक्त भाऊबीजेला तिचे दादा यायचे, आम्ही त्यांना मूर्तिजापूरचे मामा म्हणायचो, धोतर, काळी टोपी आणि हातात संत्र्यांची पिशवी. ते फाटकातनंच ओरडायचे, "शके!" आणि ओसरीवर आले की ठरलेला विनोद, "शकुंतलेनं निघालो, शकुंतलेकडं आलो." दरवर्षी हाच. यावर फक्त ती दोघंच हसायची, आणि इतकी हसायची की आजी आतून भांडं आपटायची. मामी एरवी अशी हळू, पदर सावरत चालणारी, पण 'शके' ऐकलं की स्वयंपाकघरातून तिची पावलं पळत यायची. आम्हा पोरांना वाटायचं शके म्हणजे शिवी आहे. एकदा माझ्या मामेभावानं भांडणात मला शके म्हणून बघितलं पण होतं, काही जमलं नाही.

शकुंतला तशी भांडखोर होती बरं का. कालिदासाची रडते, दुर्वासाचा शाप वगैरे आणून त्यानं राजाची सोय करून ठेवली. महाभारतातल्या शकुंतलेकडं ना शाप ना अंगठी. राजाला सगळं आठवत असतं आणि तरी भर सभेत तो म्हणतो, मी हिला ओळखत नाही. आणि ही बाई रडत नाही, पोराचा हात धरून उभी राहते आणि सुनावते, राजा, दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असून दिसत नाहीत. अशी झापते. आपण नावं ठेवली ती सगळी नाटकातल्या शकुंतलेवरून, या शकुंतलेवरून ठेवली असती तर सासरच्यांना ती बदलायला जरा जड गेलं असतं, असं आपलं मला वाटतं.

अर्थात नाव पुसलंच गेलं असं पण नाही. आता ते पाळण्यावरून बंगल्यांच्या फाटकावर गेलंय. 'शकुंतला निवास', 'शकुंतला सदन', काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं, मुलांनी आईच्या मागं घातलेलं. बाई होती तोवर सौ. अमुकतमुक, गेल्यावर अख्खा बंगला तिच्या नावानं. आणि गाडी बंद पडली. तिचं ब्रॉडगेज करणार अशी आश्वासनं दर निवडणुकीला ऐकतोय.

मामी गेली तेव्हा मी दारव्ह्याला होते. दहाव्याला नदीवर गुरुजींनी मामेभावाला विचारलं, आईचं नाव सांगा. तो म्हणाला, विजया. मूर्तिजापूरचे मामा तेव्हा नव्वदीला टेकलेले, खुर्चीवर बसवलं होतं, कानाला मशीन, सगळं ऐकू पण येत नव्हतं. ते एकदम मोठ्यांदा म्हणाले, "शकुंतला."

गुरुजी थांबले. म्हणाले, नक्की कोणतं ते एक सांगा, संकल्पात घ्यायचंय. मामेभाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी मावशीकडं, मावशी, म्हणजे सुधा, खाली बघत होती. कोणी काहीच बोलेना तेव्हा गुरुजीच म्हणाले, "बरं राहू द्या, दोन्ही घेतो. गोत्र काय?"

गोत्र मामेभावानं लगेच सांगितलं. आमच्या आजोळचं.