सावित्री खोरं: तांबडी-२ चा माग लागला, आता मोर्चा कमळगडाकडे

तांबडी-२ सापडली! (लाव्हाच्या प्रवाहांमधल्या लाल मातीच्या थरांना मी वरून खाली तांबडी-१, २, ३ अशी नावं दिली आहेत.) पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटात रस्त्याकडेला हात लावता येतो तो लाल थर आणि विंडो पॉइंटवरून मढीमहालाच्या, म्हणजे आर्थर सीटच्या कड्यात दिसणारा वरून दुसरा लाल पट्टा, हे दोन्ही एकच आहेत असं म्हणण्याइतका पुरावा आता हातात आहे. तांबडी-१ आणि तांबडी-३ नकाशावर आधीच बसल्या होत्या. मधलीनेच नाकी नऊ आणले होते.

या खोऱ्याचा मला एवढा ध्यास का, ते नव्याने सामील झालेल्यांसाठी थोडक्यात. महाबळेश्वरच्या पॉइंटवरून आपण बघतो ती साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांची चळत. दख्खनच्या वरच्या भागातल्या थरांची भूशास्त्रातली नावं याच वाटेवरची आहेत: खाली पोलादपूर, मध्ये आंबेनळी, वर महाबळेश्वर. कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी १९८५ साली इथल्या दगडांच्या रासायनिक घडणीवरून ही मांडणी तपशिलात दाखवली. पोलादपूरहून एसटीने वर येताना आपण तिन्ही थर ओलांडतो आणि गाडीतले बहुतेक जण तेव्हा झोपलेले असतात, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

लाल बोल, म्हणजे दोन प्रवाहांमधली ही भाजलेली लाल माती, जवळून बघायची तर घाटातल्या उभ्या कापासारखी जागा नाही. प्रवाह थंड होताना वायू वर येतो, त्यामुळे त्याचा माथा घावनासारखा जाळीदार राहतो. पुढचा प्रवाह यायला उशीर झाला की हा माथा पावसापाण्यात कुजून त्याची माती होते. मग वरून नवा लाव्हा आला की ती भाजते. खालची कड कुठे सुरू होते ते सांगता येत नाही, दगड हळूहळू तांबूस होत जातो. वरची कड मात्र सरळ आणि ठळक. तिला लागून असलेली बोटभर माती नखाने खरवडत नाही, तिच्याखालची चिमटीत घेताच भुगा होते. खालच्या जाळीत पांढरे ठिपके आहेत ते झिओलाइट खनिजांचे, भिंगाखाली त्यातल्याच स्टिल्बाइटच्या चकचकीत पात्या दिसतात. हातोडी कुणीही नेऊ नका. बघायला भिंग पुरतं.

आता मूळ दुखणं. घाटात असे थर एकाखाली एक आहेत, त्यातला तांबडी-२ कोणता हे ठरवायला उंची लागते. उभ्या कड्याच्या पायथ्याशी अर्धं आकाश झाकलेलं असतं, तिथे जीपीएसची उंची सारखी नाचते. उपग्रहावरून बनवलेलं फुकट मिळणारं उंचीचं मॉडेल ३० मीटरच्या चौकटींचं, त्यात आपला ताशीव कडा घसरगुंडीसारखा उतरता होऊन बसतो. म्हणून भरवसा फोनमधल्या बॅरोमीटरवर. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची निघते: दाब कमी, तर उंची जास्त. सकाळी पोलादपुरात उंची जुळवून वर निघायचं आणि प्रत्येक थरापाशी थांबून आकडा टिपायचा. पण त्याच वाटेने दुपारी उतरताना प्रत्येक थर तीसेक मीटर वर सरकलेला! दोन थरांमधलं अंतरही जवळपास तेवढंच. म्हणजे सकाळची तांबडी-२ आणि दुपारची तांबडी-३ एकाच उंचीवर, आणि त्यातली कुठली समोरच्या कड्यातल्या पट्ट्याशी जोडायची ते कळेना. फोन बदलून पाहिला, निरभ्र दिवस निवडून पाहिला, घोळ तसाच.

कारण हवेतच होतं. आपल्याकडे, उष्ण कटिबंधात, हवेचा दाब रोज ठरल्या वेळी चढतो आणि उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो वर असतो, दुपारी चारच्या सुमारास खाली येतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत (हे दाबाचं एकक) जातो. या उंचीवर एका हेक्टोपास्कलला नऊ-दहा मीटर धरा, म्हणजे तीस मीटरचा हिशोब तंतोतंत लागला. वादळ नको, पाऊस नको, आभाळ स्वच्छ असतानाही हे रोज घडतं.

उपाय स्वस्तातला आहे. एक जुना फोन मुक्कामाच्या खोलीत, सावलीत, एका जागी ठेवला आणि दर मिनिटाला दाब नोंदवायला लावला. दुसरा माझ्याबरोबर. घरी येऊन दोन्ही नोंदी वेळेनुसार लावायच्या आणि खोलीतल्या फोनचा चढउतार वजा करायचा. तसं केल्यावर सकाळ आणि दुपारचे आकडे दोन-तीन मीटरच्या आत आले. ती ओळ स्क्रीनवर सपाट झालेली बघण्याचा आनंद काय सांगू! रात्री उशिरापर्यंत एकेका थराचे आकडे पुन्हा लावत बसलो होतो.

दरीपलीकडच्या बाजूची उंची फोटोवरून काढली. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर आणि २०० मिलिमीटर लेन्स असेल तर पाच किलोमीटरवरचा कडा पिक्सेलला दहा सेंटिमीटर इतका बारीक येतो. त्यामुळे गरज जास्त झूमची नाही, त्याच चौकटीत टोपोशीटवर, म्हणजे उंचीच्या रेषांच्या सरकारी नकाशावर, उंची दिलेला एखादा माथा असण्याची आहे. तिथून खाली पिक्सेल मोजायचे. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची शीट त्यांच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर मिळते, तीच वापरा. फोटो जोडायला ह्यूगिन हे सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फोटोंतली एकच जागा दाखवणारे बिंदू, हाताने देता येतात, कारवीच्या एकसारख्या उतारावर ते फार कामी येतं. ट्रायपॉडचं मात्र दुकानदाराचं ऐकू नका. मला कार्बन फायबरचा हलका गळ्यात मारला, आणि मढीमहालावर दरीतून वर येणारा वारा टाकलेली हलकी वस्तू परत वर आणतो, तिथे तो थरथरत राहतो. जुना ॲल्युमिनियमचा, मधली दांडी खाली आणि सॅक टांगलेली, हाच खरा.

तरीही दोन्ही बाजूंचे आकडे जुळेनात, घाटातली तांबडी-२ खाली राहत होती. इथे प्रवाहांचा उतार आठवला. दक्षिणेकडे अगदी किंचित, एका अंशाहूनही कमी कल आहे. अर्धा अंश धरला तरी किलोमीटरमागे जवळपास नऊ मीटर, आणि घाट मढीमहालाच्या दक्षिणेला. तांबडी-१ आणि ३ वरून निघालेला कल लावला आणि तांबडी-२ जागेवर येऊन बसली.

एवढ्यावर थांबलो असतो, पण मढीमहालाच्या कड्यात मधला काही भाग झाडोऱ्याखाली गडप आहे. पट्टा तिथे तुटतो, आणि तुटलेल्या दोन टोकांना एकच म्हणायचं कशाच्या जोरावर? ढवळे गावाहून चंद्रगड किल्ला करून मढीमहालाकडे वर येताना बरोबर आलेल्या गावातल्या काकांनी बहिरीच्या घुमटीजवळ बसल्या बसल्या सांगितलं की उन्हाळ्यात पाणी शोधायचं तर कड्यातली हिरवी रेघ बघायची. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. बोल म्हणजे चिकणमाती. वरच्या भेगाळलेल्या दगडातून मुरत आलेलं पाणी तिच्यावर अडतं आणि कड्यातून पाझरतं. पाझराच्या कंगोऱ्यावर अंजन, जांभूळ, पिसा मूळ धरतात. ज्या झाडोऱ्याला मी अडथळा समजत होतो, तोच थराची खूण आहे! जुने फोटो पुन्हा काढून बसलो, तर तुटलेल्या दोन टोकांच्या मधोमध झाडांची रांग त्याच कलाने गेलेली. आता मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळल्यावर पहाटे पुन्हा फोटो घेणार. दुपारी धुरकं चढतं, तेव्हा काही दिसत नाही.

खरं तर पुढची फेरी प्रतापगडाच्या बाजूची ठरली होती. पण हे लिहिता लिहिता कमळगड आठवला, आणि बेत बदलतोय. गडावरची कावेची विहीर आठवते ना? कातळात खोल खोदलेली, पायऱ्यांची, आणि तळाशी पाणी नाही, तांबडी काव. दगडाच्या पोटात उतरून लाल थर चारही बाजूंनी बघायची सोय! तो आपल्याच थरांपैकी आहे का, हे कृष्णेच्या खोऱ्यात उंची आणि कल लावून बघितलं पाहिजे. तसं निघालं तर दोन खोऱ्यांमधला जलविभाजक डोंगर ओलांडून सावित्रीचे पट्टे कृष्णेशी जोडता येतील. केट्स पॉइंटजवळचं नीडल होल त्याच फेरीत घेईन. ते भोक जाळीदार माथ्याच्या मऊ भागात पडलंय असा माझा अंदाज आहे, भिंग लावूनच खात्री होईल.

जुन्या फोनची बॅटरी दिवसभर टिकत नाही, तेव्हा पॉवर बँक लावून ठेवणार. आणि एक मागणं: चंद्रगडाच्या माथ्यावरून मढीमहालाचा कडा स्वच्छ हवेत टिपलेला फोटो कुणाकडे असेल तर हवाय. मूळ फाइलच पाठवा, वेळ आणि लेन्सची माहिती त्यात असते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत ती राहत नाही आणि पिक्सेलही कमी होतात.