कायद्याची मराठी आणि शब्दांचे सदिश

कूळ, फेरफार, निशाणी, ताबा हे शब्द प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत, पण जमिनीच्या दाव्यात त्यांचे काम वेगळेच असते. तेथे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, फेरफार म्हणजे गाव नमुना सहामधील हक्कबदलाची नोंद आणि निशाणी म्हणजे पुराव्यातील कागदाला न्यायालयाने दिलेला क्रमांक. सर्वसाधारण मजकुरावर घडवलेल्या वर्ड एम्बेडिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक यादी (सदिश) देऊन अर्थाने जवळचे शब्द जवळ ठेवणाऱ्या रचनेत, मात्र ‘कूळ’ घराणे आणि वंश यांच्याजवळ जाऊन बसते. पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात दिवाणी दावे चालवणाऱ्या एका वकील स्नेह्यासाठी मी जुन्या मराठी निकालांमध्ये शोध घेणारे साधन तयार करत आहे, आणि त्यासाठी केवळ कायद्याच्या मजकुरावर वेगळे सदिश घडवण्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे मत झाले आहे.

शब्दाचे स्थान त्याच्या आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवायचे, हे यामागचे तत्त्व. गूगलमधील टोमास मिकोलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेली वर्डटूव्हेक ही पद्धत ‘दावा’, ‘दाव्यातील’ आणि ‘दाव्याच्या’ यांना तीन परके शब्द मानते, त्यामुळे विभक्तिप्रत्ययांनी गजबजलेल्या मराठीत प्रत्येक रूपाच्या वाट्याला थोडीच उदाहरणे येतात. फेसबुकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आणलेली फास्टटेक्स्ट शब्दाचे अक्षरगट पाडून शिकते, म्हणून ती येथे अधिक उपयोगी ठरते. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये अशा पद्धतीचे मराठी सदिश खुले केले आहेत आणि तुलनेसाठी ते मी हाताशी ठेवतो.

पद्धत कोणती निवडली यापेक्षा मजकूर कसा स्वच्छ केला याचा परिणाम फार मोठा असतो, आणि यातील बहुतेक कष्ट कंटाळवाणे आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणारी जागतिक पद्धत, रूढ होण्यापूर्वीची मराठी टंकलेखनाची साधने मोठ्या प्रमाणात आपल्या पुण्यातच घडली. त्या साधनांच्या फाँटमधील जुना कागद पडद्यावर शुद्ध मराठी दिसतो, पण त्यातील मजकूर उचलला की रोमन चिन्हांचा कचरा हाती येतो. तो युनिकोडमध्ये आणल्यावरही ‘दुसऱ्या’मधील अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी साठवलेला आढळतो, डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन शब्द वाटतात. ‘भा.दं.वि.’ (भारतीय दंड संहिता) यातील प्रत्येक टिंबाला पूर्णविराम समजून वाक्ये तोडणारा प्रोग्रॅम तर अर्ध्या निकालाचे तुकडे करतो. निकालाच्या आरंभीची न्यायालयाची आणि पक्षकारांची ठरावीक ओळ मी काढून टाकतो, कारण ती हजारो वेळा येऊन शेजारांचा समतोल बिघडवते.

शब्दाच्या दोन्ही बाजूंना किती शब्द पाहायचे, हा यातला खरा कसोटीचा प्रश्न आहे. न्यायालयीन मराठीत कर्ता आरंभी येतो, मग तारखा, गट क्रमांक, चतुःसीमा आणि ‘सदरहू’ची रांग लागते, आणि क्रियापद अगदी शेवटी उगवते. पाहायच्या शब्दांची ही चौकट लहान ठेवली तर वादीने काय मागितले हे तिच्याबाहेरच राहते. मोठी ठेवली तर विषय पकडला जातो, पण शब्दांमधील बारीक भेद पुसट होतात. शोधाच्या कामासाठी मी मोठी चौकट पत्करली.

तरीही एक गोष्ट कोणत्याही चौकटीने सुटत नाही. ‘अर्ज मंजूर’ आणि ‘अर्ज नामंजूर’ यांचा शेजार जवळजवळ सारखाच असतो, म्हणून त्यांचे सदिशही एकमेकांजवळ येतात, आणि अक्षरगट जुळत असल्याने फास्टटेक्स्ट त्यांना आणखीच जवळ ओढते. दोषी आणि निर्दोष यांचेही तेच. साधारण लेखनात हा दोष खपून जातो. येथे मात्र पक्षकाराचे सर्वस्व त्या एका ‘ना’वर अवलंबून असते. म्हणून सदिशांकडून मी केवळ मिळतेजुळते निकाल काढून घेतो आणि निकाल कोणाच्या बाजूने लागला हे अंतिम आदेशाच्या परिच्छेदातून वेगळ्या नियमांनी वाचतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकाल पुन्हा प्रसिद्ध करता येतात, पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही. निकालातील नावे तशीच ठेवली तर एखादे आडनाव गुन्ह्याच्या शब्दांजवळ सरकते आणि तो कल पुढे प्रत्येक शोधात झिरपतो. व्यक्ती आणि गावांची नावे मी आधीच चिन्हांनी बदलतो.

कलमांच्या आकड्यांनी सर्वांत जास्त वेळ खाल्ला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ खुनाच्या शिक्षेचे होते. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, तर तेथील कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशाने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. शिवाय त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने दोन्ही आकडे दीर्घकाळ सोबत येत राहणार. सुटा ‘३०२’ शिकवला तर खून आणि निंदा एकाच बिंदूवर येतील. म्हणून कायद्याचे नाव आणि कलम जोडून मी एकच शब्द करतो. पुरेसे निकाल जमले की जुने ३०२ आणि नवे १०३ हे सदिश आपोआप जवळ यायला हवेत, आणि ते आले की नाही हीच माझी चाचणी राहील. नव्या संहितेखालील अंतिम निकाल माझ्या संग्रहात अजून इतके तुरळक आहेत की सध्या ही सांगड मी तुलनात्मक सारणीवरून हाताने घालतो.