शिफारसपत्रातलं ते एक अक्षर

भाषांतराच्या कामात कधी कधी एकच अक्षर अख्खा दिवस खातं. परवा एक शिफारसपत्र मराठीत करायला आलं, एका निवृत्त साहेबांनी जुन्या सहकारी बाईंसाठी इंग्रजीत लिहिलेलं, आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात शब्द होता इन्जेन्युअस. आमच्या मॅनेजरांचं म्हणणं, टायपो आहे, इन्जीनियस म्हणायचं असेल, 'कल्पक' टाका आणि पाठवून द्या. दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये फरक फक्त यू आणि आय एवढाच, त्यामुळे असा गोंधळ नेहमीच होतो हे खरंय. पण पुढची वाक्यं कल्पकतेची नव्हतीच हो! हिशोबात स्वतःची चूक सापडली की बाई आपणहून येऊन सांगायच्या, पोटात एक ओठात एक असं कधी नव्हतं, हेच सगळं लिहिलेलं.

इन्जेन्युअस ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ जन्माने स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेला, आणि त्यावरूनच पुढे मोकळ्या मनाचा. इन्जीनियसच्या मुळाशी मात्र उपजत बुद्धी आहे, इंजिन हा शब्दही तिथलाच. आणि गंमत बघा, इन्जेन्युइटी खरं तर इन्जेन्युअसच्या घरातला शब्द, पण इंग्रजीत या दोघांची इतकी सरमिसळ झाली की आज त्याचा अर्थ कल्पकता असाच होतो.

मी हट्टाने साहेबांना मेल करून विचारायला लावलं. दुसऱ्याच्या चारित्र्याबद्दलचा शब्द आपण अंदाजाने बदलायचा नसतो, एखाद्याची नोकरी त्यावर ठरू शकते. संध्याकाळी उत्तर आलं, शब्द बरोबर आहे, विचार करूनच लिहिलाय.

मग प्रूफरीडर ताई म्हणाल्या, 'भाबडी' लिहू. डिक्शनरीत तो अर्थ आहेच, आणि आजकाल बऱ्याचदा तसाच वापरतात, जरा कच्च्या समजेचा माणूस अशा छटेने. पण हिशोबाच्या कामासाठी अर्ज करणाऱ्या बाईला भाबडी म्हटलं तर संपलंच की! मी त्यांना डिसइन्जेन्युअस दाखवला, तो तर बातम्यांत सारखा येतो, मनात वेगळंच ठेवून साळसूदपणाचा आव आणणारा. त्याच्या उलट काय, तर आव न आणणारा, आतबाहेर एक असलेला, यात भोळेपणा कुठे आला? ताईंना पटलं. शेवटी 'निष्कपट आणि मोकळ्या मनाच्या' असं लिहून पत्र रात्री उशिरा पाठवलं.