ताई, तुम्ही पौलाला मानता की नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मिरजेत लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, अगदी मातीहून परतल्यावर चहा घेतानाही मला हेच विचारलं गेलंय. पौल म्हणजे येशूचा प्रेषित, नव्या करारातली बरीच पत्रं त्याच्या नावावर आहेत. रोख असतो त्याने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर: स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. मी पौलाला मानते. सगळ्या पौलाला मानते, भांडण तिथंच आहे.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो सांगतो की बायकांनी प्रार्थना करताना, देवाचा संदेश देताना डोकं झाकावं. म्हणजे बायका मंडळीत, चर्चच्या सभेत, बोलत होत्या. चौदाव्यात त्यांना गप्प राहायला सांगतो खरं. पण आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषेत बोलणाऱ्यालाही, अर्थ सांगणारा नसेल तर, गप्प बसवतो आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर आधीच्या संदेष्ट्यालाही. हुकूम तिघांना, आमच्याकडे लागू झाला तो बायकांनाच. तीमथ्याच्या त्याच अध्यायात सोन्यामोत्यांनी नटू नका असंही आहे. ती ओवी, बायबलचं ते वचन, कुणी माझ्यापुढे कधी धरलं नाही.

गुड फ्रायडेला वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांनी सांगायची आमच्या मंडळीत पद्धत. एका वर्षी पाळकसाहेबांनी तिसरा मला दिला, ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा.’ माझं नाव पुकारलं, मी उठले, तोवर मामा पुढे झाले होते. माझे सख्खे मामा, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. त्यांनी पुलपिटावरचा माइक स्टँडसकट उचलला आणि खाली पायरीपाशी आणून ठेवला. वायर ताणली गेली, म्हणून ती हातात धरून तिथंच उभे राहिले. तोंडातून शब्द नाही. हातातला कागद थरथरत होता, तो मी बायबलवर दाबून धरला आणि खालूनच बोलले. शिष्य पांगले होते तेव्हा वधस्तंभाजवळ बायका उभ्या होत्या, हे मी मामांच्या अंगावरून पलीकडे बघत सांगितलं. माझं झाल्यावर माइक परत वर गेला. पुढचे चौघे वरून बोलले.

मला पहिली ओवी पाठ करून घेतली ती याच मामांनी. इस्राएलाचा न्याय करणाऱ्या दबोराची गोष्टही त्यांनीच सांगितली. संध्याकाळी मी ते काढलं, तर म्हणाले, “ते खरंच आहे गं, पण लिहिलंय त्याला मी काय करू?” मामा मनाने वाईट नव्हते. आपल्या हातून देवाची आज्ञा मोडेल, याची त्यांना भीती होती. ती भीती मलाही आहे. तरी ती पायरी मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

कॉलेजात असताना मी सरळ म्हणायचे, पौल त्याच्या काळातला माणूस, ती ओवी सोडून द्या. आज त्या मुलीशी माझं पटत नाही. एक सोडली, तर ‘ख्रिस्तात पुरुष व स्त्री हा भेद नाही’ ही पौलाच्याच गलतीकरांच्या पत्रातली ओवीही उद्या कुणी सोडेल. पण ती मुलगी गप्प बसत नाही. आदाम आधी निर्माण झाला, हे कारण पौल देतो त्याचं काय, विचारते. तीमथ्य होता त्या इफिस शहरात खोटं शिक्षण पसरलं होतं, ते थांबवण्यासाठी हे पत्र आहे, असं मी तिला सांगते. ते पत्रातच आहे. पण आदाम काही इफिसपुरता नाही. तिथं मी अडते, अजूनही.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं. त्याच रमाबाई इंग्लंडमध्ये असताना, त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये म्हणून इथल्या बिशपांनी हरकत घेतली होती. आमचे पंच त्यांचं नाव आदराने घेतात. मग ते भाषांतर उघडून बसलेला पुरुष कुणाकडून शिकतो, हे मला त्यांनी सांगावं.

पुन्हा विचारायला याल तेव्हा रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय वाचून या. किंख्रियातल्या मंडळीची सेविका फिबी, तिचं स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, असं तिथं पौलच लिहितो. आणि आदामाबद्दल तुमच्याकडे काही उत्तर असलं, तर तेही घेऊन या. मला ते खरंच हवंय.