तुम्ही विचारलंत म्हणून: गाठीच्या निदानाचा काचेशी काय संबंध?

पीयूषिका ग्रंथीच्या, म्हणजे आपण सर्रास पिट्युटरी म्हणतो तिच्या, आसपासच्या दुर्मिळ गाठी मी सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. विभागात नव्याने आलेले विद्यार्थी मला हमखास विचारतात की, गाठींचे काम करणाऱ्या बाईंना स्लाइडवरच्या विद्युतभाराची एवढी उठाठेव कशाला?

रेशमाने घासलेल्या काचेवरच्या भाराला बेंजामिन फ्रँकलिन यांनी धन म्हटले आणि शाळेपासून ‘काच म्हणजे धन’ हे आपल्या डोक्यात पक्के बसले. पाण्यात मात्र हीच काच ऋण होते. तिच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याचा सामू साधारण 2 ते 3 च्या वर गेला की त्यांतले काही गट आपला प्रोटॉन सोडून देतात आणि मागे ऋणभारित ऑक्सिजन उरतो. तपासणीसाठी काचेच्या स्लाइडवर ठेवलेला ऊतकाचा 3-4 मायक्रोमीटर जाडीचा कापही बव्हंशी ऋणच असतो. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगक्रियेत तो काचेवर टिकून राहतो, पण प्रतिपिंडांच्या, म्हणजे ठरावीक प्रथिने हुडकण्याच्या, चाचणीआधी स्लाइड बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) जवळजवळ उकळावी लागते आणि तेव्हा साध्या काचेवरचा काप सुटून तरंगू लागतो.

म्हणून काचेवर अमिनोसिलेन या रसायनाचा लेप देतात. त्याचे अमिनो गट प्रोटॉन घेऊन धन होतात आणि कापाला धरून ठेवतात. गंमत अशी की हा लेप स्वतः काचेला पक्का जोडला जातो तो त्याच हायड्रॉक्सिल गटांमधून, ज्यांच्यामुळे काच मुळात ऋण होत होती. मात्र या भाराचा हात फार आखूड असतो. शरीरातील द्रवाइतक्या खारट पाण्यात भोवतालचे आयन त्याला एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतात, त्यामुळे कापाखाली पाणी अडकले किंवा घडी पडली तर त्या जागी धनभार असून नसल्यासारखाच. स्लाइड उभी ठेवून नीट निथळू द्या आणि मगच ओव्हनमध्ये ठेवा, असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

इतर अवयवांच्या बाबतीत एखादा काप वाया गेला तर दुसरा घेता येतो. इथे शस्त्रक्रिया बहुधा नाकावाटे होते आणि हाती येतात ते काही मिलिमीटरचे तुकडे. पिट्युसायटोमासारख्या गाठीच्या पेशीकेंद्रकात टीटीएफ-1 हे प्रथिन दिसते, पिट्युटरीच्या नेहमीच्या गाठीत दिसत नाही. पॅपिलरी क्रेनिओफॅरिंजिओमा या याच भागातल्या दुसऱ्या गाठीत बीआरएएफ जनुकातील व्ही600ई हा बदल सापडला तर औषधोपचाराची वाट उघडते. अशाच एका तपासणीत लांबट पेशींच्या गाठीचा टीटीएफ-1 साठी घेतलेला काप धुऊन गेला. तुलनेसाठी ठेवलेला शेजारचा नियंत्रण काप शाबूत होता, म्हणजे चाचणी चुकली नव्हती. घाईत कोणीतरी साधी स्लाइड उचलली होती, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. ऊतक मेणात बसवलेल्या ब्लॉकमधून पुढचा काप घेतला तेव्हा नुसते मेण आले. अहवालात मला ‘लांबट पेशींची गाठ’ एवढेच लिहिता आले, तिचे नाव नाही.

हे ऐकल्यावर विद्यार्थी विचारतात, मग काप जास्त चिकटावा म्हणून काप तरंगवायच्या टबाच्या पाण्यात थोडे जिलेटिन टाकले तर? लेप दिलेली, म्हणजे भारित, स्लाइड वापरताना ते अजिबात टाकू नये. ते कापाच्या आधीच काचेवर जाऊन बसते आणि कापासाठी ठेवलेली जागा अडवते.